नव्या कॉलनीत दीड वर्ष झालं, अजून ओळखी नाहीत. सुरुवात कुठून करायची?

गिरणाकाठ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

जळगावात निमखेडी शिवारात प्लॉट घेऊन घर बांधलं, राहायला येऊन दीड वर्ष झालं. आधी शनिपेठेत भाड्याने होतो. तिथे ओट्याला लागून ओटा, सकाळी दात घासताघासताच चार जणांशी बोलणं व्हायचं. इथे प्रत्येकाला कंपाउंड, प्रत्येकाचं वेगळं गेट, गेटच्या आत गाडी. चाळीस-बेचाळीस घरं असतील, त्यातली मला नावानिशी माहीत असलेली तीन, आणि त्यातलं एक किराणा दुकान.

परवा जे झालं त्यामुळे लिहितोय. आमच्यापासून तीन घरं सोडून एक आजोबा राहायचे, रोज संध्याकाळी गेटजवळ खुर्ची टाकून बसायचे. मी कामावरून आलो की हात वर करायचे, मी हॉर्न वाजवायचो. वर्षभर एवढीच ओळख. परवा आलो तर खुर्ची नाही आणि गेटसमोर चपलांचा ढीग. सकाळीच वारले, दुपारी सगळं आटोपलं पण होतं. त्यांचं नाव मला कळलं ते गेटवर चिकटवलेल्या दशक्रियेच्या कागदावरून. त्या रात्री झोप लागली नाही हो. शनिपेठेत असतो तर खांदा द्यायला गेलो असतो.

कॉलनीत गणपतीचं मंडळ आहे, पाच-सहा तरुण पोरं चालवतात. व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एक ओपन स्पेस आहे, कमरेएवढं गाजरगवत वाढलंय. मला पुढारपण करायचं नाही, फक्त या लोकांमधला एक व्हायचंय. तुम्ही कशी सुरुवात केलीत ते सांगा.

रेल्वेवाले_आबा
तुझी पोस्ट वाचून वाईट वाटलं रे भाऊ. मी भुसावळचा, ३४ वर्षं रेल्वेत काढली. क्वार्टरमध्ये होतो तोवर हा प्रश्नच नव्हता, एका लाइनीत तामिळी, बिहारी, आपले लेवा पाटील, सगळे. कोणाची ड्यूटी कधी संपते ते शेजाऱ्याला तोंडपाठ असायचं. रिटायर झालो, स्वतःचं घर बांधलं आणि तुझ्यासारखीच गत झाली.

मी काय केलं सांगतो. आमच्याकडे नळ रोज येत नाही, आला की सगळी गल्ली बाहेर असते. मी पाणी भरून झालं तरी बाहेरच थांबायला लागलो. समोरच्याला विचारायचं, तुमच्याकडे प्रेशर कसं आहे. रोज तेच विचारायचं. महिन्याभरात पूर्ण लाइनीची नावं पाठ झाली, कोणाच्या सुनेला दिवस गेलेत आणि कोणाच्या पोराचा रिझल्ट लागायचाय ते पण.

आणि आजोबांच्या घरी जाऊन आलास का? नसशील तर दशक्रियेला जा. ओळख नव्हती म्हणून लाजू नको. असल्या वेळी आलेल्या माणसाला कोणी ओळख विचारत नाही.

अहिराणी_बोल
आबांशी सहमत. आमना धुळामा सकाये सकाये पहिला प्रश्न एकच, "पानी उनं का?" (पाणी आलं का?) अहिरानीमा दोन शब्द बोल भाऊ, मानूस जवय येस (माणूस जवळ येतो).

भरीतपुरी
एवढा काय विचार करताय. दिवाळी झाली, भरताची वांगी बाजारात आली. पाच किलो वांगी आणा, ओपन स्पेसच्या कडेला कपाशीच्या काड्या पेटवा, धूर कॉलनीभर जाऊ द्या. खान्देशातला माणूस भरताच्या वासाला गेट उघडणार नाही असं होऊच शकत नाही 😄

गिरणाकाठ
@आबा, दशक्रियेला जाणार आहे, घरी पण जाऊन येतो.
@भरीतपुरी, कल्पना आवडली. पण ओळख नसताना एकदम पार्टी म्हटलं तर लोक येतील का?

एकला_जीव
जरा उलटं बोलतो, राग मानू नका. प्रत्येकाला हे पाहिजेच असतं असं नाही. मी पुण्याहून परत जळगावला आलो तो शांतता पाहिजे म्हणून. आमच्या कॉलनीत महिन्याला एक वर्गणी. गणपती झाले की नवरात्र, ते झालं की भंडारा, मग कोणाची तरी मिरवणूक. नाही म्हटलं तर माणूस शिष्ट ठरतो. मागच्या वर्षी रात्री साडेअकरापर्यंत माझ्या खिडकीसमोर स्पीकर होता आणि आत आईला ताप. बंद करा म्हणून सांगायला गेलो तर दोन महिने माझ्याशी बोलणं बंद. हेच जर सामाजिक जीवन असेल तर मला माझं गेट बरं.

देवपूरची_सून
एकला_जीव, तुमचं बरोबर आहे, आई आजारी असताना स्पीकर लावणारे चुकलेच. पण तुम्ही जे सांगताय तो कार्यक्रम झाला, शेजार नाही झाला. दोन्हीत फरक आहे.

मी धुळ्यात देवपूरला लग्न होऊन आले तेव्हा कोणालाच ओळखत नव्हते. माहेर चोपड्याकडचं. पहिले सहा महिने घर आणि गच्ची. मग भादव्याची पौर्णिमा आली आणि मला माहेरची भुलाबाई, म्हणजे भोंडल्यासारखा मुलींचा गाण्यांचा सण, आठवायला लागली. आमच्याकडे भादव्यातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर मुली रोज संध्याकाळी एकेकीच्या घरी जायच्या. इथे कोणीच बसवत नव्हतं. मी बाजारातून भुलाबाई-भुलोजीची जोडी आणली आणि शेजारच्या दोन मुलींना बोलावलं, बस.

गाणी त्यांना येत नव्हती, पण खाऊचा डबा आला की डोळे चमकायचे. झाकण लावलेला डबा कानाजवळ नेऊन हलवायचा आणि आत काय आहे ते ओळखायचं. फुटाणे खडखड वाजतात, शेव नुसती सरकते, लाडू धप्प करतो. एकदा मी डब्यात केळाचे काप ठेवले तर आवाजच येईना, पोरी रडकुंडीला आल्या. त्या मुलींना न्यायला आया यायच्या, पाच मिनिटं दारात उभ्या राहायच्या, मग आत बसायला लागल्या. कोजागिरीला बावीस मुली होत्या आणि दूध आटवायला चार घरची पातेली. आता अकरा वर्षं झाली. वर्गणी एक रुपया नाही, ज्या घरी भुलाबाई जाते त्या घरचा खाऊ.

अजून एक, भाऊ लोकांसाठी. कॉलनीची मीटिंग रात्री साडेआठला ठेवता आणि मग म्हणता बायका येत नाहीत. साडेआठला आम्ही पोळ्या लाटत असतो. घंटागाडी किती वाजता येते, कोणत्या खांबावरचा दिवा बंद आहे, भाजीवाला कोणत्या गल्लीत येत नाही, हे सगळं आम्हाला माहीत असतं. मीटिंग दुपारी चारला ठेवून बघा.

कळण्याची_भाकर
ताई 👌 "शेव नुसती सरकते" हे वाचून माझं बालपण आलं डोळ्यासमोर.

नकाशावाला
गिरणाकाठ, ओपन स्पेसचं लिहिलंत म्हणून थोडं कामाचं सांगतो, मी लेआउटचीच कामं करतो. ०.४ हेक्टर म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठं लेआउट असेल तर सर्वसाधारणपणे दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती गवताने भरली की हळूहळू कोणाची तरी वाळू, मग कोणाची तरी म्हैस, मग पत्र्याचं शेड असं सुरू होतं. म्हणून आधी मंजूर नकाशाची प्रत मिळवा. महापालिकेच्या नगररचना विभागात अर्ज करा, नाही मिळाली तर माहिती अधिकारात मागा, १० रुपये फी आहे आणि ३० दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे. नकाशा हातात असला की वाद होत नाहीत, जागा किती आणि कुठून कुठे ते सगळ्यांना दिसतं.

आणि मंडळासाठी वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसची तात्पुरती परवानगी लागते, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ४१ क. आता ऑनलाइन अर्ज करता येतो. पोरांना सांगा, घाबरण्यासारखं काही नाही त्यात. जमाखर्च कागदावर लिहून भिंतीवर लावला की एकला_जीव यांच्यासारख्यांचा निम्मा राग जातो.

एकला_जीव
जमाखर्च लावला तर खरंच जातो. राग पैशांचा नव्हताच कधी, विचारलं कोणी नाही याचा होता.

रात्रपाळी
मी पण बोलू का. मी दुसऱ्या एका कॉलनीत भाड्याने राहतो, एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात कामाला आहे, महिन्यात पंधरा दिवस नाइट असते. वर्गणीचं पावतीबुक माझ्या दारात सगळ्यात आधी येतं. मीटिंगचा निरोप कधीच येत नाही. ग्रुपमध्ये पण नाही घेतलं, म्हणे फक्त मालकांचा ग्रुप आहे. चार वर्षं झाली. माझा मुलगा इथेच चालायला शिकला. सकाळी सातला मी ड्यूटीवरून येतो तेव्हा वरच्या गल्लीतल्या काकू एकट्याच व्हॉल्व्ह फिरवत असतात, मी थांबून मदत करतो. त्या मला नावाने हाक मारतात, पूर्ण कॉलनीत त्या एकट्याच.

गिरणाकाठ दादा, तुम्ही काही करणार असाल तर भाडेकरूंना पण सांगा. आम्ही पण तिथेच राहतो.

गिरणाकाठ
रात्रपाळी, तुमची पोस्ट दोनदा वाचली. आमच्या कॉलनीत भाड्याची घरं किती ते मला माहीतच नाही, हे आत्ता लक्षात आलं. आधी ते मोजतो.

पांझराकाठ
चांगला धागा चाललाय. पाण्याचा विषय निघालाच आहे तर थोडं मागचं सांगतो, मी साक्री तालुक्यातल्या गावचा, आता धुळ्यात.

आमच्याकडे पांझरेवर फड पद्धत आहे, तीन-चारशे वर्षं जुनी. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात एका हंगामाला सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, ते पण बसून ठरवायचं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. पाटाला स्वतःच्या मर्जीने बारं, म्हणजे पाणी घ्यायला तोंड, पाडायची कोणाला मुभा नाही. आणि यातली खरी गोम म्हणजे शेतकऱ्याची जमीन एकाच फडात नसायची, थोडी या फडात थोडी त्या फडात. पाणी कमी पडलं आणि एक फड कोरडा ठेवायची वेळ आली की सगळ्यांचंच थोडं थोडं बुडायचं, एकट्याचं नाही. म्हणून भांडण पेटायचं नाही.

हे मला आमच्या गल्लीत आठवलं. नळ आला की पहिल्या सहा घरांच्या मोटारी चालू, शेवटच्या तीन घरांना नुसती हवा. तिथल्या एका मावशी बादली घेऊन वर यायच्या, तोंड पाडून. दोनदा भांडणं झाली, पोलिसांपर्यंत गेलं. मग मी आणि अजून एक जण घरोघर गेलो. ठरवलं असं, की नळ आल्यावर पहिला अर्धा तास कोणी मोटार लावायची नाही, शेवटची घरं आधी भरतील. पाळी ठेवली, रोज एका घराने बाहेर उभं राहून बघायचं. आमचा पाटकरीच तो. पहिल्या आठवड्यात दोघांनी लपून लावली, तिसऱ्या आठवड्यापासून कोणी नाही. आता त्याच मावशी संक्रांतीला पूर्ण गल्लीला तीळगूळ वाटतात.

एवढं सगळं सांगायचं कारण, माणसं ज्या गोष्टीवरून भांडतात ना तिथूनच सुरुवात करा. तिथे सगळ्यांचं लक्ष आधीच असतं.

भरीतपुरी
पांझराकाठ, जबरदस्त. पण पाण्याआधी वांगी, मी माझ्या मतावर ठाम 😄

तापीथडी
साक्री तालुका निघाला तर बारीपाड्याचं नाव घ्यायलाच पाहिजे. छोटासा आदिवासी पाडा, उजाड झालेलं जंगल गावाने स्वतः नियम करून राखलं, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, मोडेल त्याला दंड. चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री जाहीर झाली ती त्याच कामासाठी. तिथे दरवर्षी वनभाज्यांची स्पर्धा असते, घरोघरच्या बाया रानातल्या भाज्या रांधून मांडतात. म्हणजे बघा, जंगल राखणाऱ्यांनी पण शेवटी जेवायलाच बसवलं लोकांना. भरीतपुरी चुकीचं बोलत नाहीयेत.

कळण्याची_भाकर
भरीत करणार असाल तर कृपा करून टमाटा घालू नका.

भरीतपुरी
टमाटा?? कोण घालतं?

नाशिककर_झालेला
इकडे हॉटेलात सर्रास घालतात 😢 मिक्सरमधून पण काढतात. डोळ्यात पाणी येतं.

कळण्याची_भाकर
वांगी बामणोदची, पांढरट हिरवी, मोठी. बडगीत, म्हणजे भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात, लाकडी मुसळीने ठेचायचं. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकर.

भरीतपुरी
पुरी.

कळण्याची_भाकर
भाकर.

रेल्वेवाले_आबा
दोन्ही करा आणि पुढे चला. गिरणाकाठ, एक सांगायचं राहिलं. आजोबांचं तेरावं होऊ दे, मग काय ते कर. आणि करायच्या आधी त्यांच्या घरी जाऊन सांग, विचारून कर.

शिक्षिका_नंदुरबार
उशिरा आले, पण एक सुचवते. मोठ्यांना घराबाहेर काढायचं तर मुलांच्या मागून जा. मी आमच्या ओट्यावर दर रविवारी दहा ते अकरा गोष्टीची पुस्तकं मांडते, घरातलीच, साठ-सत्तर असतील. वाचा, घरी न्या, पुढच्या रविवारी परत आणा, एवढंच. पहिल्या रविवारी एक मुलगा आला, तो पण चेंडू मागायला. आता ओटा पुरत नाही. एक मात्र आहे, रविवार चुकवायचा नाही. मला बरं नव्हतं तेव्हा समोरच्या सातवीतल्या मुलीने पुस्तकं मांडली, मला न विचारता.

गिरणाकाठ
मंडळी, पाच आठवड्यांनी लिहितोय. सगळं सांगतो.

दशक्रियेला गेलो. तेराव्यानंतर आजींना भेटलो. म्हटलं, कॉलनीत सगळ्यांना एकत्र जेवायला बोलवावं असं मनात आहे, पण तुमच्या घरी दुःख आहे, तुम्ही म्हणाल तसं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमचे हे म्हणायचे, हॉर्न वाजला म्हणजे साडेसहा झाले, चहा ठेव." मला पुढे काही बोलताच येईना. त्या उठून आत गेल्या आणि माळ्यावरची बडगी पुसून माझ्या हातात दिली. म्हणे, करा, त्यांना भरीत फार आवडायचं.

मग व्हॉट्सॲपवर निरोप टाकायच्या ऐवजी घरोघर गेलो, बायको आणि मी, रोज संध्याकाळी पाच-सहा घरं. रात्रपाळींच्या सांगण्यावरून भाडेकरू मोजले, अकरा घरं निघाली. म्हणजे चौथा हिस्सा कॉलनी ग्रुपच्या बाहेर होती. देवपूरच्या ताईंचं ऐकून तयारीची बैठक दुपारी चारला ठेवली, नऊ बायका आल्या आणि सगळं त्यांनीच ठरवलं, कोणी कळणं द्यायचं, कोणी पात निवडायची, कोणाकडून किती ताटल्या. पैसे गोळा केलेच नाहीत.

गेल्या रविवारी केलं. कपाशीच्या काड्या एका काकांनी शेतातून ट्रॉलीत आणल्या. बारा किलो वांगी. तेलाचा हात लावून जाळात टाकली, साल काळी पडून तडकली की आतून पाणी सुटतं आणि काड्यांवर चुर्र आवाज येतो, लहान मुलं त्या आवाजालाच हसत होती. साल सोलताना माझी दोन बोटं भाजली. मंडळाच्या पोरांनी बडगीवर नंबर लावले, कोण जास्त वेळ ठेचतो म्हणून. अंदाजे सत्तर माणसं जेवली. सगळी घरं आली नाहीत, दहा-बारा आलीच नाहीत, एका घरी तर गेटच उघडलं नाही. ठीक आहे. पहिलं ताट आजींकडे नेऊन दिलं.

कळण्याची भाकर आणि पुरी दोन्ही होतं. भाकर आधी संपली.

कळण्याची_भाकर
🙏🙏

भरीतपुरी
पुरी लोकांनी घरी बांधून नेल्या असतील.

एकला_जीव
वाचून बरं वाटलं. स्पीकर होता का?

गिरणाकाठ
नव्हता. एका काकूंनी बहिणाबाईंच्या ओव्या म्हटल्या, आसोद्याच्याच आहेत त्या माहेरच्या. सगळे गप्प बसून ऐकत होते.

आता पुढचं, त्यासाठीच परत आलो. जेवताना ओपन स्पेसचा विषय निघाला, येत्या रविवारी सकाळी सातला गाजरगवत काढायचं ठरलंय. नकाशासाठी अर्ज टाकलाय. पावसाळ्यात कडुनिंब आणि करंज लावू म्हणतोय, पण मे महिन्यात पाणी कोण घालणार यावर गाडी अडली आहे. आणि गवत उपटताना काय काळजी घ्यायची? दोघांना अंगाला खाज येण्याचा त्रास आहे.

तापीथडी
खाजवाल्यांना उपटायला लावूच नका, त्यांना चहापाण्याचं द्या. बाकीच्यांनी पूर्ण बाह्या, हातमोजे, तोंडाला रुमाल. आता फुलावर आलेलं असेल, झाडू नका, पराग उडतात. जमीन ओली असली तर मुळासकट येतं, आदल्या संध्याकाळी पाणी मारून ठेवा.

पांझराकाठ
झाडांना पाळी लावा, नळाला लावली तशीच. एका घराला एक झाड दिलं तर त्या घरचं वाळतं तेव्हा बाकीचे बघत बसतात. त्यापेक्षा एका आठवड्याला तीन घरं, आणि त्या आठवड्यात सगळी झाडं त्यांची.

रात्रपाळी
दादा, मी तुमच्या कॉलनीतला नाही, पिंप्राळ्याकडे राहतो, पण या रविवारी माझी सुट्टी आहे. नाइट करून आलो की झोप तशीही लागत नाही. एक कुदळ आणि दोन विळे घेऊन येतो, जागा नेमकी कुठे ते कळवा.

गिरणाकाठ
या या. मेसेज करतो. चहा आजींकडे आहे, त्यांनीच सांगितलंय.